उतरताना लिहायची वही

४ फेब्रुवारी

प्रिय दुपार,

माझ्या अक्षरातलं पाकीट पाहून तू आधी ते उलटसुलट करशील आणि मग बायकोला विचारशील, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नाही. मीच आहे, तुझी सकाळपाळी. गोदीतून उतरल्याला पाच वर्षं झाली, तरी पहाटे चारच्या ठोक्याला जाग येते आणि करायला काही नसतं. मुलगा आणि सून दोघं कामावर जातात. घरात मी आणि फ्रिज. दोघांत फ्रिजच जास्त बोलतो.

परवा सहज मनात आलं. बावीस वर्षं आपण दोघांनी एकच क्रेन चालवली, एकाच खुर्चीचं रेक्झिन झिजवलं, आणि समोरासमोर भेटलो ते रोज फक्त चार मिनिटं. शिडीच्या मधल्या फळीवर, मी उतरताना आणि तू चढताना. माझ्या सख्ख्या भावाशी आयुष्यात जेवढं बोललो नसेन तेवढं त्या चार मिनिटांत तुझ्याशी बोललो. बाकीचं सगळं वहीत. खिळ्याला टांगलेली ती वही आठवते ना? उतरणाऱ्याने बिघाड लिहायचा, उपाय केला असेल तर तोही लिहायचा, काही नसेल तर नुसतं 'चालतं'. चढणाऱ्याने वाचून खाली 'पाहिलं' लिहायचं आणि मगच दांड्याला हात लावायचा. बावीस वर्षांत आपल्यापैकी कोणी खोटं 'चालतं' लिहिलं नाही. म्हणून तर आपल्या क्रेनखाली कधी माणूस दबला नाही.

आता मुद्द्याचं. मला गेल्या वर्षापासून लघवीचा त्रास सुरू झाला होता. बसस्टॉपपासून घरापर्यंतचे तीन आडोसे पाठ झाले होते. उभा राहायचो तर धार येईना, आली तर संपेना, संपली म्हणून निघालो की चार पावलांवर परत वळायचो. मला वाटायचं कोणाला पत्ता नाही. एक दिवस बाहेरून आलो तर सुनेने माझा पलंग ओढून मोरीच्या दाराजवळ लावलेला. एक शब्द बोलली नाही पोरगी. तेव्हा कळलं की घरभर माहीत आहे.

मग गेलो दवाखान्यात. डॉक्टरीण बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कुठून बोट घालून तपासतात ते तुला माहीत असेलच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. त्या महिन्यात पाच मंगळवार होते, अजून विसरलो नाही. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे म्हणाल्या, या वयात बहुतेकांची वाढते, रोज एक गोळी घ्या. आठ दिवसांत मोकळा झालो रे. आता सिनेमाला जाऊन पूर्ण सिनेमा बघतो.

तेव्हा तू इकडे ये. बस थेट येते, सात तास लागतात. एक अख्खा दिवस बसू, घड्याळाकडे न बघता. आणि तुझं कसं चाललंय ते लिही, वहीत लिहायचास तसं खरं.

तुझा,
सकाळ

२० फेब्रुवारी

प्रिय सकाळ,

पत्र पाहून मी खरंच विचारलं, कोण गेलं. बायको अजून हसते आहे.

आमचं बरं चाललंय. लेक कापड गिरणीच्या ऑफिसात लागली. घराची मागची भिंत रंगवायला घेतली आहे, अर्धी झाली.

तुझ्या त्रासाबद्दल वाचलं. मलाही थोडं तसंच आहे. थोडंच. तुला आठवतं ना, बारा वाजले की मी पाणी बंद करायचो. तू तर पहाटे चहासुद्धा अर्धा कपच घ्यायचास. खाली उतरायचं म्हणजे एकशे अठरा पायऱ्या, जहाज खोळंबणार, मुकादम खालून शिट्टी फुंकणार. बाकीचे वर बाटली ठेवायचे. आपण दोघांनी कधी ठेवली नाही. केवढा तोरा होता आपल्याला त्याचा.

त्या गोळीचं नाव कळव. दवाखान्यात जायला मला जिवावर येतं. इथला डॉक्टर लेकीच्या मैत्रिणीचा भाऊ आहे, परवापर्यंत आमच्या दारात सायकल शिकत होता. त्याच्यासमोर मी काय म्हणून पँट काढू? औषधाच्या दुकानातला ओळखीचा आहे, तो देईल. क्रेन एक, खुर्ची एक, बिघाडही एकच असणार.

यायचं मनात आहे. सध्या गुडघा धरलाय, उतरला की बघतो.

दुपार

१ मार्च

प्रिय दुपार,

सोबत रिकाम्या पाकिटाचा तुकडा कापून पाठवतोय, त्यावर नाव आहे. वहीतल्यासारखंच लिहितो म्हणजे समजायला सोपं:

बिघाड: धार अडते. उपाय: रोज जेवणानंतर एक गोळी. उठताना सावकाश उठणे, चक्कर येते. बाकी चालतं.

डॉक्टरीण बाईंनी माझी सोनोग्राफी केली, लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही मोजलं, रक्त काढलं. प्रत्येकाने करून घ्यावं म्हणतात. पण तू कशाला त्या भानगडीत पडतोस? माझं सगळं करून झालंय. बावीस वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसांचं वेगळं ते काय निघणार आहे? ब्रेकला मी दोन आटे द्यायचो, तूही दोनच द्यायचास, आणि चालायचं.

गुडघ्याला शेक दे आणि ये. खिडकीजवळची खुर्ची तुझी.

सकाळ

२६ मार्च

प्रिय सकाळ,

पाहिलं.

गोळी मिळाली, घेतो आहे. चालतं.

गुडघा बरा आहे पण आता लेकीच्या ऑफिसात वर्षअखेरचं काम आहे, ती उशिरा येते, बायको घरी एकटी पडते. नंतर बघू.

दुपार

१० जून

दुपारपाळीस,

तुला मी फेब्रुवारीत बोलावलं, एप्रिलमध्ये बोलावलं आणि मे महिन्यात तर सुनेने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. आधी गुडघा, मग लेकीचं ऑफिस, आता म्हणे भिंतीचा रंग. असली कसली भिंत आहे ती, गोदीएवढी?

मला फिरवून बोलता येत नाही. तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या शेवटच्या दिवशी मी दोन वाजता मधल्या फळीवर येऊन थांबलो होतो. खिशात तुझ्यासाठी पेन आणलं होतं, चांगलं, शाईचं. आयुष्यात पहिल्यांदा तू आला नाहीस. दहा मिनिटं थांबलो. खाली बस भोंगा वाजवत होती, त्यात निरोप द्यायला आलेली मंडळी बसलेली. मी उतरलो आणि गेलो. मला वाटलं, साहेबांनी त्या वर्षी नव्या पोरांना शिकवायला मला निवडलं, तुला नाही, ते तुला लागलं असावं. आजही तेच वाटतं. पाच वर्षं मी हे गिळून बसलोय. राग असेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण भिंती रंगवत बसू नकोस.

सकाळ

२ जुलै

प्रिय सकाळ,

राग नाही. तेव्हाही नव्हता. त्या दिवसाचं कधीतरी सांगेन, पत्रात नको.

तू चिडलास म्हणून भिंत पुरी केली. शेवटचा हात स्टुलावर बसून मारला, हल्ली उभं राहिलं की धाप लागते. उन्हाळ्यामुळे असेल. बूटही आवळतात, पाय सुजतात, संध्याकाळपर्यंत मोज्यांचे वळ उठतात. जेवणावरची वासना गेलीय, त्यामुळे बायकोला वाटतं तिच्या हातची चव गेली, आणि मी तिला नाही म्हणून म्हणून थकलो. अंगाला खाज सुटते, त्यासाठी मलम आणलंय. म्हातारपण म्हणतात ते हेच, दुसरं काय.

गोळीचं मे महिन्यात विचारलं होतंस. चालतं.

पाऊस ओसरला की नक्की येतो. बसमध्ये पुढची सीट घेईन.

दुपार

१९ ऑगस्ट

आदरणीय काका,

मी तुमच्या दुपारची लेक. बाबा घरात तुमचा उल्लेख 'सकाळ' असाच करतात, त्यामुळे पत्राची सुरुवात कशी करावी याचा विचार करण्यात बराच वेळ गेला.

रविवारी बाबा जिन्याच्या पायरीवर बसले ते उठेनात. काहीतरी असंबद्ध बोलत होते, ब्रेक लागत नाही म्हणत होते. आम्ही मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे नळी घातल्यावर दीड लिटरच्या वर लघवी निघाली. आईने नर्सला विचारलं, "ही एकाच माणसाची का?" मूत्राशय भरून भरून वर दाब गेलाय आणि दोन्ही किडन्या सुजल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, हे काही महिने, कदाचित काही वर्षं चाललं असावं. आम्हाला कोणाला कळलं नाही. बाबा घराबाहेर पडेनासे झाले होते, तासभरसुद्धा कुठे जात नव्हते. आम्हाला वाटायचं, निवृत्त झाल्यापासून माणूस घरकोंबडा झाला.

डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी घेत होते आणि कोणी दिली. बाबा सांगेनात. त्यांच्या उशीखाली तुमच्या पत्रातला कागद आणि पाकिटाचा तुकडा मिळाला. तो मीच डॉक्टरांना दाखवला.

मी रागावून लिहीत नाही. खरं सांगायचं तर काल रागावले होते, आज लिहायला बसले. तुम्हाला माहीत असावं एवढंच.

लेक

२४ ऑगस्ट

चि. लेकीस,

कागद दाखवलास ते बरं केलंस.

डॉक्टरीण बाई मला तीनदा म्हणाल्या होत्या की गाठ मोठी दिसली म्हणजे सगळ्यांचं सारखं नसतं, तपासल्याशिवाय कोणी घेऊ नये. मी ते तुझ्या बाबांना लिहिलं आणि पुढच्याच ओळीत त्याची टर उडवली. जुलैच्या पत्रात त्याने सुजलेले पाय लिहिले, धाप लिहिली, जेवण जात नाही लिहिलं. क्रेनचा एवढा आवाज बदलला असता तर मी जागच्या जागी काम थांबवलं असतं. त्याच्या पत्रात शेवटी 'चालतं' होतं, तेवढंच मी वाचलं.

दोष माझा आहे. तू रागावलीस तर तो राग इकडे पाठव, आईवर किंवा त्याच्यावर काढू नकोस. तो परवानगी देईल तेव्हा मी येईन.

काका

३० सप्टेंबर

प्रिय सकाळ,

हे पत्र डायलिसिसच्या मशीनवर बसून लिहितोय. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास. डावा हात मशीनला दिलाय, उजवा मोकळा आहे. इथेही पाळ्या आहेत. माझी दुपारचीच आहे. माझ्या खुर्चीत आधी एक सुतार असतो, तो उठतो आणि मी बसतो. खुर्ची गरम असते.

लेकीला लिहिलेलं तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. सगळा दोष एकट्याने घेऊ नकोस, थोडा मलाही ठेव.

खोटं मी लिहिलं. गोळीने मला एक दिवससुद्धा फरक पडला नाही. नुसती चक्कर यायची. पण तू एवढ्या उत्साहाने लिहिलं होतंस, सिनेमा बघतो म्हणालास. आणि मला वाटलं, त्याला चालतं ते मला चालत नाही म्हणजे खोट माझ्यात आहे. वहीत तू उपाय लिहायचास तो मला कधी लागू पडला नाही असं झालं होतं का? एकदाही नाही. म्हणून मी वाट बघत राहिलो. आज ना उद्या चालेल म्हणून 'चालतं' लिहिलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चांगला माणूस आहे, चित्र काढून सांगतो. माझी गाठ तुझ्यापेक्षा मोठी नाही, उलट लहानच असेल. पण ती कडक झाली आहे. आत वर्षानुवर्षं सूज येत राहिली की मऊ मांसाच्या जागी चिवट धागे तयार होतात, जखम भरल्यावर वण उरतो तसे. ते नळीभोवती आवळत जातात. तुझी गोळी स्नायू सैल करते. जे स्नायूच उरलेलं नाही ते सैल काय होणार? मी म्हटलं, डॉक्टर, क्रेनच्या पोलादी दोराच्या आतला काथ्या वाळून कडक झाला की वरून कितीही ग्रीस लावा, दोर वाकत नाही, तसं का? ते म्हणाले, अगदी तसंच. दोर आतून वाळलाय हे बाहेरून कळत नाही, ते तू आणि मी दोघं जाणून होतो. तरी आपण ग्रीस लावत बसलो.

दुर्बिणीतून ऑपरेशन करून वाट मोकळी केली आहे. पण मूत्राशय इतकी वर्षं जोर लावून तेही जाड आणि ताठ झालंय, आता त्याच्यात पिळायची ताकद नाही. नळी कायमची. पिशवी पायाला बांधतो. किडन्या सुधारतील म्हणून दीड महिना वाट पाहिली, सुधारल्या नाहीत. तासन्‌तास धरून ठेवल्यामुळे झालं का, असंही विचारलं. तसं सांगता येत नाही म्हणाले, ज्यांनी कधी धरलं नाही त्यांनाही होतं. ऐकून जरा वाईटच वाटलं. त्या एका गोष्टीचा तरी तोरा होता.

आता त्या दिवसाचं. तुझ्या शेवटच्या दिवशी मी पावणेदोनला कँटीनच्या मागच्या मुतारीत गेलो. वर चढण्याआधी रोज जायचो तसाच. धार येईना. दोन वाजले, दोन पाच झाले. वर फळीवर तू उभा आहेस हे मला छताच्या फटीतून दिसत होतं, तुझे बूट दिसत होते. आलो असतो तसाच, पण पोट इतकं तटतटलं होतं की शिडी चढवली नसती. मी भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो. मग बूट हलले. नंतर बसचा आवाज ऐकला. वर गेलो तेव्हा वहीत तुझं 'चालतं' होतं आणि त्याखाली काही नव्हतं, एक ओळसुद्धा नाही. मी 'पाहिलं' लिहिलं. पाच वर्षं झाली बघ, म्हणजे हे तेव्हापासूनच आहे. तू विचारलंस तेव्हा मी 'थोडं' लिहिलं.

असली गोष्ट कशी सांगायची? मुतत होतो म्हणून निरोप द्यायला आलो नाही. राग होता असं तुला वाटलं तेच बरं वाटलं मला. रागाला जरा मान असतो.

आता मी येऊ शकत नाही. तूच ये. आणि येऊन गेलास की एक काम कर. तुझं पुन्हा तपासून घे, गोळी चालते म्हणून गाफील राहू नकोस. आत किती उरतं तो आकडा मला लिहून पाठव. तोंडी नको. वहीत लिहायचो तसा लेखी.

दुपार

८ नोव्हेंबर

प्रिय दुपार,

काल परत पोचलो. बसमध्ये सात तासांत एकदाही उतरावं लागलं नाही, आणि प्रत्येक थांब्यावर मला त्याची लाज वाटत होती.

आपण म्हणायचो, एक अख्खा दिवस मिळाला तर किती बोलू. चार मिनिटांत आपण मुकादमाची नक्कल करायचो, पोरांच्या परीक्षा, बायकांची दुखणी, डाव्या दोराचं घासणं, सगळं उरकायचो. तुझ्या शेजारी मला चार तास मिळाले. तू म्हणालास, "आलास?" मी म्हटलं, "आलो." मग तू म्हणालास, "जाड झालास." आणि झोपलास. मी मशीनकडे बघत बसलो. त्याच्यावर एक लाल आकडा खाली खाली येत होता, तो शून्य होईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलं नाही. नर्सने दोनदा चहा विचारला. तुझा हात थंड होता म्हणून मी माझा कोट त्यावर टाकला, आणि तू झोपेतच तो बाजूला सारलास, कारण त्या हाताला नळी होती. मला तेवढंसुद्धा कळलं नाही.

मला वाईट वाटलं नाही की तू बोलला नाहीस. इतक्या वर्षांत तुला झोपलेला मी कधी पाहिला नव्हता. फळीवर तू कायम ताजा असायचास, डबा हातात घेऊन. माझ्यानंतर आठ तास तू काय होत असशील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निघताना ते पेन तुझ्या उशाशी ठेवलं. शाई वाळली होती, नवी भरून आणली.

तू सांगितलंस तसं इथे आल्या आल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाईंना तुझं सगळं सांगितलं. रागावतील म्हणून वाट पाहिली, रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. पुन्हा सगळं मोजलं. खाली लिहितो, आधी कधी लिहिली नव्हती ती नोंदही लिहितो.

लघवीनंतर उरलेली: पस्तीस मिली. किडन्या ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

बिघाड: माझ्या शरीराचा उपाय न बघता दुसऱ्याच्या शरीराला लिहून दिला. शेवटच्या दिवशी दहाच मिनिटं थांबलो. दोन्हीला उपाय सापडलेला नाही.

सकाळ

२९ नोव्हेंबर

आदरणीय काका,

तार केली होती ती मिळाली असेल. तुम्ही एवढ्या लांबून धावपळ करून येऊ नका असं आईनेच लिहायला सांगितलं होतं. तुम्ही भेटून गेलात, ते तिला पुरेसं वाटतं.

तुमचं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी बाबा मशीनवर असताना मी ते वाचून दाखवलं. आकडा त्यांनी दोनदा वाचायला लावला. पस्तीस ऐकून मान हलवली, म्हणाले, "त्याचं बरं आहे." पुढची नोंद मी वाचताना जरा अडखळले. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "दुसरी चुकीची लिहिली त्याने. दहा मिनिटं खूप असतात, खाली बस उभी असताना."

मग तुमचं पेन मागितलं. मी पत्र पुठ्ठ्यावर धरलं. तुमच्या नावाखाली ते लिहायला लागले. 'पाहि' इतकं झालं आणि थांबले. मी म्हटलं, बाबा, पुढचं मी लिहू का? तर म्हणाले, "नाही. दुसऱ्याने लिहायचं नसतं ते. दम घेतो आणि लिहितो." आणि डोळे मिटून पडले.

बुधवारी दुपारी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला. त्रास फार झाला नाही.

पत्र तुम्हाला परत पाठवते आहे. ते आमच्याकडे ठेवण्यासारखं नाही, तुमच्या दोघांचं आहे. पेन मात्र मी ठेवून घेतलं आहे, चालेल ना?

लेक

७ डिसेंबर

चि. लेकीस,

पेन तुझंच. शाई वाळू देऊ नकोस, रोज थोडं लिहीत जा.

पत्र मिळालं. माझ्या नावाखाली तुझ्या बाबांचं अक्षर आहे. वहीत लिहायचा तसंच, उजवीकडे झुकलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, उरलेलं एक अक्षर आपण लिहून टाकावं, म्हणजे ते पुरं होईल आणि घडी घालून ठेवता येईल. पेन हातात घेतलंही होतं. पण नियम तुलाही त्याने सांगितलाच आहे. ज्याने पाहिलं त्याने लिहायचं. मी त्याच्या वतीने एकदा उपाय ठरवला, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. त्याची सही तरी मी ठरवू नये.

आईला सांग, जुलैच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की तिच्या हातची चव गेली नव्हती, त्याची वासनाच गेली होती. तो तिला सारखं नाही नाही म्हणत होता ते खरं होतं. हे तिला माहीत असायला हवं.

मला कधीतरी तुमच्याकडे यायचं आहे, ती भिंत बघायला.

इकडे सगळं तसंच आहे. ते पत्र मी खिडकीजवळच्या टेबलावर उघडं ठेवलंय, शेजारी घरातलं एक पेन ठेवलंय. त्या दिवशी खाली बस भोंगा वाजवत होती म्हणून मी दहा मिनिटांत उतरलो. आता मला कुठे जायचं नाही. सून रोज टेबल पुसते, तेव्हा पत्र उचलते, खालची धूळ काढते आणि होतं तिथेच परत ठेवते.

काका